रूटला कमांड सापडत नाही: आधी दार ओळखा, मग पाथला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर तालुक्यातल्या एका केळी पिकवण केंद्रात डेबियन १२ या लिनक्सवर चालणारं मशीन आहे. दर पाच मिनिटांनी प्रत्येक कक्षाचं तापमान लिहून ठेवणारी ‘कक्षनोंद’ नावाची स्क्रिप्ट त्यावर चालते. स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आहे आणि सेन्सर वाचणारा ‘कक्षवाच’ हा छोटा प्रोग्रामही तिथेच आहे. ‘सू’ करून रूट (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) झालं की नवा वापरकर्ता जोडणाऱ्या ‘यूजरअ‍ॅड’ला ‘कमांड नॉट फाउंड’ येतं, पण ‘सुडो’ (पुढची कमांड रूट म्हणून चालवणारी कमांड) लावून तीच कमांड बिनतक्रार चालते. स्क्रिप्ट हाताने चालवली तर आकडे येतात, रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालवली तर तापमानाचा रकाना कोरा राहतो. टर्मिनलवर पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) एक्स्पोर्ट केल्यावर यूजरअ‍ॅड चाललं, क्रॉनचं तसंच राहिलं. रात्री लोडशेडिंगमध्ये मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं आणि सकाळी यूजरअ‍ॅडचंही पहिले पाढे पंचावन्न.

मशीन नीट आहे, इन्स्टॉलेशनही नीट आहे. घोळ एका समजुतीत आहे. ‘रूटचा पाथ’ अशी एकच एक गोष्ट नसते. रूट होण्याची दारं अनेक आहेत: लॉगिन, सू, सुडो, एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून येणारं लॉगिन), क्रॉन, सिस्टमडी (मशीनवरच्या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम). प्रत्येक दारावर वेगळाच माणूस पाथची चिठ्ठी हातात देतो. तुम्ही एका दारावरची चिठ्ठी खोडून लिहिली आणि दुसऱ्या दाराने आत आलात, तर बदल दिसणार कसा? म्हणून कुठलीही फाइल उघडण्याआधी एकच गोष्ट ठरवा: कमांड ज्या क्षणी अडली, त्या क्षणी रूट कोणत्या दाराने आत आला होता.

पुढे कमांड आणि फोल्डरची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच मूळ अक्षरांत लिहायची. कमांड लहान अक्षरांत आणि पाथ हे व्हेरिएबल चारही मोठ्या अक्षरांत. बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या शेलमध्ये, लहान अक्षरांतलं पाथ हे निराळंच व्हेरिएबल होतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. हा फरक नजरेतून सुटून तास वाया गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

शोध कसा चालतो ते एकदा पक्कं करून घेऊ. सावदा-फैजपूर भागातल्या एखाद्या गावात शिरून ‘पाटलांकडे जायचंय’ एवढंच विचारलं, तर वाटेत पहिलं जे पाटलांचं घर लागेल तिथे नेऊन सोडतील. तुमचे पाटील तिसऱ्या गल्लीत राहत असले तरी विचारपूस पहिल्या दारातच संपली. पाथ म्हणजे अशा गल्ल्यांची यादी, मध्ये विसर्गासारखं चिन्ह, म्हणजे कोलन. शेल डावीकडून एकेका फोल्डरमध्ये डोकावतं आणि त्या नावाची चालवता येणारी पहिली फाइल मिळाली की थांबतं. कमांडच्या नावात एखादा / असेल तर तो पूर्ण पत्ता मानला जातो आणि पाथकडे कोणी बघतही नाही. म्हणून /यूएसआर/एसबिन/यूजरअ‍ॅड असं लिहिल्यावर ते नेहमी चालतं. हीच पहिली चाचणी. पूर्ण पत्ता देऊन चाललं तर दोष पाथचा, तसंही चाललं नाही तर दोष दुसरीकडे.

दोष दुसरीकडे असण्याच्या तऱ्हा ओळखता आल्या पाहिजेत, नाहीतर माणूस उगाच पाथ खरवडत बसतो. अडलेल्या कमांडनंतर लगेच ‘एको $?’ द्या. १२७ आलं तर शेलला नाव सापडलं नाही. १२६ आलं तर फाइल सापडली पण चालवता आली नाही: चालवण्याची परवानगी नसेल, किंवा ते ड्राइव्ह ‘नोएक्झेक’ पर्यायाने माउंट केलेलं असेल (‘फाइंडएमएनटी --टार्गेट’ आणि पुढे फाइलचा पत्ता दिला की कळतं). तिसरा प्रकार सगळ्यात फसवा आहे. फाइल डोळ्यांसमोर आहे, ‘एलएस’ ती दाखवतो, तरी ‘नो सच फाइल’ किंवा, नव्या बॅशमध्ये, ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असा संदेश येतो. तिथे हरवलेली असते ती स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! नंतर लिहिलेली फाइल. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून पेनड्राइव्हने आणली असेल तर त्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं अक्षर चिकटतं आणि सिस्टम त्या अक्षरासकट बॅश शोधायला जाते. ‘हेड -१’ची पहिली ओळ ‘ओडी -सी’तून काढून पाहा. शेवटच्या नवीन ओळीच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश आर दिसला तर ‘डॉस२युनिक्स’ चालवा, काम संपलं.

आता मोजणी. प्रत्येक दारावर काय चिठ्ठी मिळते ते या चार ओळी दाखवतात:

सू -सी 'प्रिंटएन्व्ह पाथ'
सू - -सी 'प्रिंटएन्व्ह पाथ'
सुडो प्रिंटएन्व्ह पाथ
सुडो -आय प्रिंटएन्व्ह पाथ

इथे ‘सुडो एको $पाथ’ असं मुद्दाम लिहिलेलं नाही. $पाथची किंमत तुमचं स्वतःचं शेल आधीच भरून टाकतं आणि सुडोकडे तयार मजकूर पोहोचतो. दिसतो तो तुमचा पाथ, आणि तुम्ही समजता रूटचा. या एका ओळीने अनेकांची दिशाभूल होते. प्रिंटएन्व्ह स्वतः रूट म्हणून चालतं, त्यामुळे ते खरं तेच सांगतं.

कुठली फाइल चालते आहे हे बघायला ‘टाइप -ए’ ही बॅशची अंगभूत कमांड वापरा, ‘व्हिच’ नको. व्हिच हा बॅशमध्ये बाहेरचा प्रोग्राम आहे. त्याला तुमचे एलियस (कमांडची टोपणनावं), शेलमधली फंक्शन्स आणि अंगभूत कमांड ठाऊक नसतात, आणि या तिन्ही गोष्टी पाथच्या आधी बघितल्या जातात. टाइप -ए ने त्याच नावाचे सगळे दावेदार क्रमाने दिसतात. पोर्टेबल स्क्रिप्टमध्ये हवं असेल तर ‘कमांड -व्ही’.

आणखी एक आठवण ठेवा. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. प्रोग्राम /यूएसआर/बिन मधून काढून /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवला, तर उघड्या शेलला जुनाच पत्ता आठवतो आणि ‘नो सच फाइल’ येतं. ‘हॅश -आर’ दिलं की ती आठवण पुसते. सी-शेलमध्ये आणि झेड-शेलमध्ये त्याला ‘रीहॅश’ म्हणतात. सी-शेलमध्ये तर नवीन प्रोग्राम टाकल्यावरही रीहॅश करावं लागतं, कारण ते फोल्डरांची यादी आधीच करून ठेवतं.

आता तुमची पहिली तक्रार, सू आणि यूजरअ‍ॅड. डेबियनमध्ये साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/बिन, /बिन आणि खेळांची दोन फोल्डर असतात. एसबिन नावाचं एकही नसतं, कारण ती प्रशासकाची हत्यारं. यूजरअ‍ॅड, फायरवॉलच्या कमांड, डिस्कचे भाग करणारे प्रोग्राम हे सगळे /यूएसआर/एसबिन मध्ये असतात. नुसतं ‘सू’ केलं की तुम्ही रूट होता, पण पाथ मागच्याच वापरकर्त्याचा राहतो. ‘सू -’ केलं, म्हणजे मध्ये जागा सोडून एक आडवी रेघ दिली, की जुनं वातावरण पुसून नवं लॉगिन होतं आणि /ईटीसी/प्रोफाइल वाचली जाते. तिथे डेबियन तपासतं की वापरकर्त्याचा क्रमांक ० आहे का, आणि असेल तर एसबिनची फोल्डर घातलेला पाथ देतं.

जुन्या सवयीच्या लोकांना हे खटकतं, कारण पूर्वी नुसत्या सूनेही काम भागायचं. जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० पासून सू ही कमांड शॅडो पॅकेजऐवजी युटिल-लिनक्समधून येते. आधीची सू रूटचा पाथ स्वतः घालून द्यायची, नवी देत नाही. जुनं वागणं परत हवं असेल तर /ईटीसी/डीफॉल्ट/सू किंवा /ईटीसी/लॉगिन.डेफ्स मध्ये ‘ऑल्वेज_सेट_पाथ येस’ ही ओळ घालता येते. तरी माझं मत विचाराल तर ती घालू नका, ‘सू -’ची सवय लावा. नुसत्या सूमध्ये पाथच नव्हे, बाकीचंही बरंचसं वातावरण साध्या वापरकर्त्याचं राहतं. त्या वापरकर्त्याने पाथच्या सुरुवातीला स्वतःचं फोल्डर घातलेलं असेल तर रूट म्हणून तुम्ही त्याचे प्रोग्राम चालवत असता. केंद्रात तीन-चार जण एकच मशीन वापरत असतील तर हा धोका खरा आहे. ‘सू -’ केल्यावर तुम्ही /रूट फोल्डरमध्ये पोहोचता, आधी जिथे होता तिथे राहत नाही. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

सुडोने तीच कमांड का चालली? कारण सुडो तुमचा पाथ बाजूला ठेवून स्वतःचा देतं. /ईटीसी/सुडोअर्स मध्ये ‘सिक्युअर_पाथ’ची ओळ असते. कमांड शोधायलाही तीच यादी आणि चालणाऱ्या प्रोग्रामच्या हातात द्यायलाही तीच. डेबियनमध्ये तिच्यात /यूएसआर/लोकल/एसबिन, /यूएसआर/लोकल/बिन आणि पुढची चार नेहमीची फोल्डर आहेत. सेंटओएस ७ वर मात्र त्या यादीत /यूएसआर/लोकल/बिन नसतं. त्यामुळे हाताने बसवलेला प्रोग्राम ‘सू -’मध्ये चालतो आणि सुडोने चालत नाही, म्हणजे तुमच्या तक्रारीच्या बरोबर उलट. शाखा कार्यालयात तसं एखादं जुनं मशीन असेल तर गोंधळू नका.

सिक्युअर_पाथ बदलायचा असेल तर फक्त ‘व्हिसुडो’ने बदला. तो सेव्ह करताना व्याकरण तपासतो आणि चुकीची फाइल जागेवर बसू देत नाही. साध्या एडिटरने एक अवतरणचिन्ह चुकलं तरी सुडो बिघडू शकतं, जुन्या आवृत्तीत तर ते कोणालाच आत घेत नाही. बदल करताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूटचं एक शेल उघडं ठेवा आणि पहिल्यामध्ये सुडो चालतंय याची खात्री झाल्यावरच ते बंद करा. एकदाच एखादी कमांड वेगळ्या पाथने चालवायची असेल तर नियम बदलण्याची गरज नाही. ‘सुडो /ऑप्ट/अमुक/बिन/तमुक’ असा पूर्ण पत्ता द्या, बस.

क्रॉनचा भाग सविस्तर लिहितो, कारण तिथे चूक गुपचूप होते. मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ ला टेकलेला असताना कक्ष १६ ते १८ अंशांत राहायला हवा, आणि नोंदीचा रकाना कोरा आहे हे ट्रक भरायच्या दिवशी कळलं तर उपयोग काय? क्रॉन लॉगिन करत नाही. तो /ईटीसी/प्रोफाइल वाचत नाही, /रूट मधली .बॅशआरसी वाचत नाही, .प्रोफाइल वाचत नाही. तो सहसा /यूएसआर/बिन आणि /बिन एवढ्या दोनच फोल्डरांचा पाथ देतो. तुमच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) कक्षनोंदचा पूर्ण पत्ता आहे, म्हणून ती सुरू होते. पण तिच्या आत ‘कक्षवाच’ नुसत्या नावाने बोलावलेलं आहे, आणि तो /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आहे. शोध फसतो, उत्तर रिकामं येतं, आणि स्क्रिप्ट वेळेपुढे रिकामी जागा लिहून मोकळी होते.

एरर का दिसली नाही? क्रॉन प्रोग्रामने छापलेलं सगळं मेलने पाठवतो. मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्राम नसेल तर डेबियनचा क्रॉन ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिसकार्डिंग आउटपुट’ एवढं लॉगमध्ये लिहून बाकीचं फेकून देतो. ‘जर्नलसीटीएल -यू क्रॉन’ मध्ये अशा वेळी ही ओळ सापडते. म्हणून क्रॉनटॅबमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी उत्तर आणि एरर दोन्ही एका फाइलमध्ये वळवा: >> /व्हीएआर/लॉग/कक्षनोंद.लॉग २>&१. हे नसेल तर क्रॉनचा तपास म्हणजे अंधारात चाचपडणं.

क्रॉन तुमच्या मशीनवर नेमका काय पाथ देतो हे अंदाजाने ठरवू नका, त्यालाच विचारा. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये दोन मिनिटांसाठी ही ओळ घाला आणि काम झालं की काढून टाका:

* * * * * एन्व्ह > /रूट/क्रॉन-वातावरण.टीएक्सटी

फाइल /रूट मध्ये ठेवली आहे, /टीएमपी मध्ये नाही, आणि ते मुद्दाम. /टीएमपी मध्ये कोणीही लिहू शकतो, आणि ठरलेल्या नावाची फाइल रूट तिथे लिहितोय हे कळलं तर कोणी त्या नावाची लिंक आधीच करून ठेवू शकतो. तपास करतानाही ही शिस्त सोडू नये.

मग क्रॉनची परिस्थिती हाताने उभी करा:

एन्व्ह -आय होम=/रूट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी /यूएसआर/लोकल/बिन/कक्षनोंद

होम आणि पाथ ही दोन्ही नावं इथे मोठ्या अक्षरांत. आता एरर समोर दिसेल. पाच मिनिटं थांबून क्रॉनची वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुरुस्ती दोन ठिकाणी करता येते. क्रॉनटॅबच्या वरच्या बाजूला पाथची ओळ लिहिता येते, पण तिथे एक सापळा आहे. क्रॉनटॅब हे शेल नव्हे. तिथे पाथ=$पाथ:/यूएसआर/लोकल/बिन लिहिलं तर $पाथची किंमत भरली जात नाही, ती अक्षरं जशीच्या तशी एका फोल्डरचं नाव म्हणून घेतली जातात. परिणामी /यूएसआर/बिन सुद्धा यादीतून जातं आणि आधी चालणाऱ्या कमांडही बंद पडतात. पूर्ण यादीच लिहावी लागते. शिवाय /ईटीसी/क्रॉनटॅब मधला पाथ फक्त त्याच फाइलपुरता असतो. ‘क्रॉनटॅब -ई’ने लिहिलेल्या रूटच्या कामांना किंवा /ईटीसी/क्रॉन.डी मधल्या फाइलींना तो लागू होत नाही.

दुसरी जागा मला जास्त पटते: स्क्रिप्टच्या आत, पहिल्या #! ओळीनंतर लगेच.

पाथ=/यूएसआर/लोकल/एसबिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन
एक्स्पोर्ट पाथ

मग स्क्रिप्ट कोणत्याही दाराने आली तरी तिची यादी तिच्याजवळ असते. उद्या क्रॉन सोडून सिस्टमडीच्या टाइमरवर नेली तरी काही बदलावं लागत नाही. रूट म्हणून चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये या दोन ओळी असाव्यात, असं माझं ठाम म्हणणं आहे.

क्रॉनच्या आणखी दोन खोड्या पाथच्या दोषासारख्या दिसतात, म्हणून इथेच सांगतो. क्रॉनटॅबमधली ओळ /बिन/एसएच वाचतं आणि डेबियनवर ते बॅश नसून डॅश आहे. तिथे ‘सोर्स’ लिहिलं की ‘सोर्स: नॉट फाउंड’ येतं. त्याऐवजी एक बिंदू लिहा. आणि ओळीतल्या टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ क्रॉन ‘नवी ओळ’ असा घेतो. तारीख घालून फाइलचं नाव बनवत असाल तर प्रत्येक टक्क्याच्या आधी उलटी तिरपी रेघ हवी, नाहीतर कमांड तिथेच तुटते.

सिस्टमडीचं थोडक्यात. सर्व्हिसला पाथ सिस्टमडी स्वतः देतो, कोणतीही प्रोफाइल वाचली जात नाही. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने सर्व्हिस विभागात एन्व्हायर्नमेंट=पाथ=… अशी पूर्ण यादी द्या. $ चिन्ह तिथेही उलगडत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट करून तिचा प्रोसेस क्रमांक घ्या आणि /प्रॉक/क्रमांक/एन्व्हायरॉन ही फाइल ‘टीआर’ने शून्य अक्षराच्या जागी नवी ओळ घालून वाचा. चालू प्रोसेसला सुरू होताना काय मिळालं होतं याचा तो पुरावा आहे, सेटिंगच्या फाइलीत काय लिहिलंय त्यापेक्षा खात्रीचा.

आता ‘फाइलमध्ये ओळ घातली तरी फरक पडत नाही’ या तक्रारीकडे. टर्मिनलवर केलेलं एक्स्पोर्ट त्या शेलबरोबर मरतं, वीज जाण्याचीही गरज नसते, खिडकी बंद केली तरी पुरे. कायमचा बदल फाइलमध्ये हवा, पण कोणत्या? लॉगिन शेल म्हणून सुरू झालेलं बॅश आधी /ईटीसी/प्रोफाइल वाचतं आणि मग घरच्या फोल्डरमध्ये .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने बघून पहिली जी सापडेल तेवढीच वाचतं. एखाद्या इन्स्टॉलरने .बॅश_प्रोफाइल तयार केली की तुमची जुनी .प्रोफाइल जागेवर असूनही मेल्यात जमा. .बॅशआरसी ही लॉगिन नसलेल्या, समोर माणूस बसलेल्या शेलसाठी असते. म्हणजे ‘सू’ला ती लागू, ‘सू -’ला फक्त प्रोफाइलने बोलावली तरच.

/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट बद्दलही गैरसमज आहेत. ती शेलची स्क्रिप्ट नाही, ती पॅम (लॉगिनची तपासणी करणारी यंत्रणा) वाचतं. एक्स्पोर्ट लिहायचं नाही, $पाथ उलगडत नाही. उबुंटूमध्ये पाथ तिथेच ठेवलेला असतो. डेबियनमध्ये तिथे पाथ लिहिला तरी लॉगिन करताना /ईटीसी/प्रोफाइल तो खोडून स्वतःचा बसवते, म्हणून उबुंटूसाठी लिहिलेला सल्ला डेबियनवर फुकट जातो. डेबियनवर सगळ्यांसाठी एखादं /ऑप्ट मधलं फोल्डर जोडायचं असेल तर /ईटीसी/प्रोफाइल.डी मध्ये नवी फाइल करा. नावाच्या शेवटी .एसएच हवंच, त्याशिवाय ती वाचली जात नाही.

कोणती फाइल पाथ बिघडवते हे समजत नसेल तर बॅशलाच बोलतं करा. पीएस४ या व्हेरिएबलमध्ये फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक येईल अशी मांडणी करा (बॅश_सोर्स आणि लाइननो ही दोन व्हेरिएबल त्यात घालायची), एक्स्पोर्ट करा आणि ‘बॅश -एलएक्स -सी ट्रू’ चालवा. एररच्या वाटेने येणारा मजकूर ग्रेपने पाथ शब्दासाठी गाळा. नेमकी फाइल आणि नेमकी ओळ हाती येते. मात्र हे रूटच्या शेलमधून करायचं, आणि रूटसाठी नवं बॅश पीएस४ ची बाहेरून आलेली किंमत सुरक्षेसाठी घेत नाही, ओळींपुढे फक्त अधिकच्या खुणा दिसतात. तेव्हा /ईटीसी/प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत तात्पुरतं पीएस४ लिहून पाहा आणि काम झाल्यावर ती ओळ काढा.

या सगळ्या दुरुस्त्या करताना एक मोह होतो: आपला चालणारा पाथ उचलून रूटला देऊन टाकायचा. तो मोह टाळा. रूटचा पाथ आखूड हवा आणि त्यातलं प्रत्येक फोल्डर फक्त रूटलाच लिहिता येणारं हवं. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे पाथमधला बिंदू, म्हणजे चालू फोल्डर. कोणी /टीएमपी मध्ये ‘एलएस’ नावाची स्क्रिप्ट ठेवली आणि रूटने तिथे जाऊन एलएस दिलं, की ती स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालली. बिंदू यादीच्या शेवटी ठेवला म्हणजे धोका टळला असंही नाही. ‘एसएल’ सारखी टायपिंगची चूक होईल हे ओळखून त्या नावाची फाइल ठेवता येते.

आणि बिंदू न लिहिताही तो येतो, हे बऱ्याच जाणकारांच्याही लक्षात राहत नाही. पाथच्या सुरुवातीला कोलन, शेवटी कोलन किंवा मध्ये दोन कोलन लागोपाठ आले, की ती रिकामी जागा म्हणजे चालू फोल्डर. रिकाम्या व्हेरिएबलला जोडून पाथ=$काहीतरी:$पाथ लिहिलं की असं हमखास होतं. टीआरने कोलनच्या जागी नवी ओळ घालून पाथ उभा छापा. मधली रिकामी ओळ लगेच दिसते, सुरुवातीचं आणि शेवटचं कोलन मात्र आडव्या पाथमध्येच नीट तपासा.

मग यादीतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘नेमआय -एल’ चालवा. फोल्डरपर्यंतच्या प्रत्येक पायरीचे मालक आणि परवानग्या तो दाखवतो. शेवटचं फोल्डर रूटचं असून भागत नाही. वरचं /ऑप्ट/अमुक जर साध्या वापरकर्त्याच्या मालकीचं असेल तर तो आतलं बिन फोल्डरच सरकवून त्या जागी दुसरं ठेवू शकतो. गटाला किंवा सगळ्यांना लिहिण्याची परवानगी दिसली तर ते फोल्डर पाथमधून काढा किंवा परवानगी आवळा. जुन्या डेबियनवर /यूएसआर/लोकल मधली फोल्डर ‘स्टाफ’ गटाला लिहिता येण्यासारखी असायची. जुन्यावरून वर चढवत आणलेल्या मशीनवर ते आजही तसंच असू शकतं, तेवढं नक्की पाहा.

लिनक्सपलीकडची मशीनं हाती आली तर दारं तीच, चिठ्ठ्यांची जागा वेगळी. सोलारिसवर /ईटीसी/डीफॉल्ट/लॉगिन आणि /ईटीसी/डीफॉल्ट/सू या दोन्ही फाइलींत ‘सूपाथ’ असतो, आणि एकात बदल करून दुसरी विसरणं ही नेहमीची चूक. फ्रीबीएसडीवर /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ बदलल्यावर ‘कॅप_एमकेडीबी’ चालवावं लागतं. तिथे रूटचं शेल आवृत्ती १४ येईपर्यंत सी-शेल होतं, आणि सी-शेलमध्ये यादी कोलनने नव्हे तर कंसात, मध्ये मोकळी जागा ठेवून लिहितात. मॅकवर /ईटीसी/पाथ्स ही फाइल आणि /ईटीसी/पाथ्स.डी हे फोल्डर बघा.

शेवटी, पाथ पार मोडला आणि एलएससुद्धा सापडेना तर. घाबरून मशीन बंद करू नका. एक्स्पोर्ट, सीडी, एको, टाइप या शेलच्या अंगभूत कमांड आहेत, त्यांना पाथ लागत नाही. सरळ लिहा:

एक्स्पोर्ट पाथ=/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन

तेवढ्यापुरतं शेल ताळ्यावर येतं आणि बिघडलेली फाइल एडिटरमध्ये उघडता येते. प्रोफाइलमधल्या चुकीमुळे लॉगिनच होत नसेल तर ‘सुडो /बिन/बॅश --नोप्रोफाइल --नोआरसी’ हे शेल एकही फाइल न वाचता उघडतं. सुडोअर्स मोडली असेल आणि रूटचा पासवर्ड असेल तर ‘सू -’ करून ‘व्हिसुडो -सी’ने चुकीची ओळ शोधा. तेही दार बंद असेल तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) पडद्यावर ‘ई’ दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडा आणि कंट्रोल-एक्सने सुरू करा. डिस्क केवळ वाचण्यासाठी उघडलेली असेल, म्हणून आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’, मग दुरुस्ती, मग ‘सिंक’, आणि ‘रीबूट -एफ’. या शेलमध्ये प्रत्येक कमांडला पूर्ण पत्ता दिलेला बरा.

तुमच्या मशीनवर मात्र इतक्या दूर जावं लागणार नाही. ‘सू -’ वापरा, कक्षनोंदमध्ये पाथच्या दोन ओळी घाला, क्रॉनच्या ओळीला लॉग फाइल जोडा. मग दिवसा, कक्ष रिकामे असताना, मशीन मुद्दाम रीबूट करा, कोणीही लॉगिन करू नका, आणि दहा मिनिटांनी नोंदीत दोन नव्या ओळी आकड्यांसकट आल्या आहेत का ते पाहा. लॉगिन करून पाहिलेली चाचणी इथे धरायची नाही, कारण रात्री वीज परत येते तेव्हा लॉगिन करायला कोणी नसतं.